स्टिरॉइड द्यायचे, आणि सातव्या दिवशी थांबवायचे: दारूमुळे यकृताला आलेल्या तीव्र सुजेचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

तासगाव तालुक्यातल्या एका गावचे ४४ वर्षांचे द्राक्ष बागायतदार. घरी आई-वडील, पत्नी, धाकटा भाऊ आणि शाळेत जाणारी दोन मुले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजाराचे आकडे आणि घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

ऑक्टोबरची फळछाटणी उरकत आली तेव्हा त्यांची भूक गेली. मग लघवी गडद झाली आणि डोळे पिवळे दिसू लागले. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासले, बिलिरुबिन (काविळीचे पिवळे रंगद्रव्य) ६ आले, आणि मोठ्या दवाखान्यात जायला सांगितले. घरच्यांनी आधी कावीळ उतरवणाऱ्याचा रस्ता धरला. आपल्या भागात हे नवे नाही. नाकात थेंब, गळ्यात मुळांची माळ, सकाळी अनशापोटी एक काढा, आणि पथ्य: तेल, तूप, डाळ, दूध, अंडी सगळे बंद, फक्त उसाचा रस, फुटाणे आणि ताक-भात. हे तीन आठवडे चालले. त्या काळात डोळे आणखी पिवळे झाले, पोट फुगले आणि दंडाचे मांस उतरले. मिरजेत आमच्याकडे दाखल झाले तेव्हा पोटातले पाणी वगळून वजन अंदाजे ५८ किलो होते.

दाखल होतानाची स्थिती

रुग्ण शुद्धीवर होते, पण दुपारी झोप आणि रात्री जाग असे उलटे चक्र सुरू झाले होते. ताप १००.४. यकृत मोठे आणि दाबल्यावर दुखणारे, पोटात पाणी, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रक्तवाहिन्या. बिलिरुबिन १९.२, यकृताची एन्झाइम एसजीओटी १७२ आणि एसजीपीटी ६४, रक्तातले प्रथिन अल्ब्युमिन २.४, रक्त गोठायला लागणारा वेळ म्हणजे पीटी २२ सेकंद (प्रयोगशाळेचा नियंत्रण आकडा १३), त्याचेच प्रमाणित रूप आयएनआर १.९, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.१, पांढऱ्या पेशी १६,८००. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेल्या नव्हत्या, म्हणजे वाटेत खड्याचा अडथळा नव्हता.

निदान: दारूचा खरा आकडा

वॉर्डात वडील उशाशी उभे असताना दारूबद्दल विचारले तेव्हा उत्तर आले, "रोजचं काय न्हाय, सणासुदीला." असे विचारले की असेच उत्तर मिळते. संध्याकाळी पत्नीशी वेगळे बोलल्यावर चित्र बदलले. त्या म्हणाल्या, "चार-पाच वर्सं झाली, रोज दोन क्वार्टर. छाटणीच्या टायमाला तीन." शेवटचा पेला दाखल होण्याच्या ११ दिवस आधी, तोही मळमळ असह्य झाली म्हणून सुटलेला.

इथे गणित करून दाखवणे उपयोगाचे ठरते. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेल्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ७७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे वजनाने सुमारे ६० ग्रॅम. दारूमुळे येणाऱ्या या सुजेचे, म्हणजे अल्कोहोलिक हेपॅटायटिसचे, निदान करताना पुरुषांसाठी जी रेषा धरली जाते, ती सहा महिने किंवा जास्त काळ रोज ६० ग्रॅमच्या वर (स्त्रियांसाठी ४०). थोडक्यात, जो माणूस "फक्त एक क्वार्टर" म्हणतो तो त्या रेषेवरच उभा असतो. आमचे रुग्ण तिच्या दुप्पट होते.

बाकीचे निकषही जुळत होते. कावीळ आठ आठवड्यांच्या आतली, दारू सुटून ६० दिवस झालेले नाहीत, बिलिरुबिन ३ च्या वर, एसजीओटी ५० च्या वर पण ४०० च्या खाली, आणि एसजीओटी एसजीपीटीच्या दीडपटीहून अधिक. इथे ते जवळपास पावणेतीनपट होते. विषाणूजन्य काविळीत किंवा औषधाच्या इजेत एसजीपीटी सहसा शेकड्यांत, कधी हजारांत जाते. ६४ हा आकडा त्या गोष्टीत बसत नाही.

तरीही एक काटा होता: तो काढा. त्यात काय होते हे देणाऱ्याने सांगितले नाही. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, आणि त्यातल्या काहींचे रूप शरीराच्या स्वतःविरुद्धच्या प्रतिकारशक्तीतून होणाऱ्या आजारासारखे होते. दारूखेरीज दुसरे संभाव्य कारण असेल तेव्हा निकष यकृताचा तुकडा काढून तपासायला सांगतात. आयएनआर १.९ आणि पोटात पाणी असताना बरगड्यांतून सुई घालता येत नाही. मानेच्या शिरेतून जावे लागते आणि त्यासाठी पुणे किंवा मुंबई.

हा पहिला निर्णयाचा टप्पा. आम्ही हिपॅटायटिस बी, सी, ए आणि ई, आणि शरीराची स्वतःविरुद्धची प्रतिकारशक्ती तपासणारे एएनए आणि आयजीजी पाठवले. सगळे नकारात्मक किंवा सामान्य आले. पित्तनलिका मोकळ्या होत्या. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, ताप, दुखरे मोठे यकृत, एन्झाइमचा साचा, सगळे एकाच दिशेला बोट दाखवत होते. तुकड्यासाठी चार-पाच तासांचा प्रवास करवून दोन-तीन दिवस घालवणे आम्हाला पटले नाही. काढा बंद केला. "काढा बंद केला तर पुन्हा चढंल काय?" असे भावाने विचारले, तेव्हा काढा सुरू असतानाच ६ चे १९ झाले आहेत हे कागदावर दाखवले.

तीव्रता किती

अमेरिकेतल्या मॅड्रे यांनी १९७८ मध्ये मांडलेले सूत्र आजही वापरात आहे: पीटी आणि नियंत्रणातला फरक गुणिले ४.६, अधिक बिलिरुबिन. ३२ किंवा अधिक म्हणजे तीव्र. दाखल होताना आकडा ६०.६ होता आणि तीन दिवसांनी, बिलिरुबिन २१.० झाल्यावर, ६२.४. बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिनवरून काढलेला मेल्ड गुणांक २६. म्हणजे उपचार न करता पहिल्याच महिन्यात मृत्यूचा धोका मोठा. हे आम्ही कुटुंबाला त्याच दिवशी स्पष्ट सांगितले. "कावीळ" या शब्दामुळे घरच्यांना हा पथ्याने उतरणारा आजार वाटतो, आणि तो समज वेळीच मोडला नाही तर पुढचा प्रत्येक संवाद चुकीच्या पायावर उभा राहतो.

पर्याय

प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, रोज ४० मिलिग्रॅम, २८ दिवस, हा मुख्य पर्याय. त्याच्याबद्दल प्रामाणिकपणे बोलायला हवे, कारण त्याचा फायदा मोठा नाही. ब्रिटनमध्ये ११०३ रुग्णांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टोपा अभ्यासात २८ दिवसांच्या मृत्यूदरात किंचित घट दिसली, पण ती संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकली नाही. ९० दिवसांना आणि वर्षाला काहीच फरक राहिला नाही. गंभीर जंतुसंसर्ग मात्र स्टिरॉइड घेणाऱ्यांत १३ टक्के, न घेणाऱ्यांत ७ टक्के. पेंटॉक्सिफायलिन या दुसऱ्या औषधाचा त्याच अभ्यासात उपयोग दिसला नाही, म्हणून ते आम्ही विचारातच घेतले नाही.

एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन शिरेतून पाच दिवस, प्रेडनिसोलोनच्या जोडीला: २०११ मधल्या फ्रेंच अभ्यासात महिन्याभराचा मृत्यूदर २४ वरून ८ टक्क्यांवर आला होता, पण सहा महिन्यांचा फरक ठोस ठरला नाही. औषध स्वस्त आहे, धोका कमी आहे. ते दिले.

पांढऱ्या पेशी वाढवणारी जीसीएसएफ इंजेक्शने हा आपल्याकडे बोलला जाणारा पर्याय. भारतातल्या छोट्या अभ्यासांत फायदा दिसला होता, पण त्यानंतर यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णांवरच्या मोठ्या जर्मन अभ्यासात तो आढळला नाही. खर्च कुटुंबाच्या खिशातून जाणार होता. आम्ही सुचवले नाही.

प्रत्यारोपणाचा विचार पुढे येतो.

पहिले तीन दिवस: थांबणे आणि खाऊ घालणे

ताप आणि १६,८०० पेशी या आजारानेही होतात आणि संसर्गानेही. रुग्णाकडे बघून वेगळे करता येत नाही. स्टिरॉइड आधी सुरू केले आणि आत संसर्ग असला, तर हातातला रुग्ण जातो. म्हणून पोटातले पाणी काढून तपासले (संसर्गात वाढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी ४०, सीमा २५०), रक्त आणि लघवीची कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, पाठवली, छातीचा एक्स-रे क्षयरोगाच्या दृष्टीनेही पाहिला. लघवीत ई. कोलाय वाढला. त्यावर अँटिबायोटिक सुरू करून, ताप उतरल्यावर चौथ्या दिवशी प्रेडनिसोलोन दिले. तीन दिवस उशीर झाला म्हणून मला हळहळ वाटत नाही. उघडा संसर्ग झाकून स्टिरॉइड देण्यापेक्षा हे शंभरदा पत्करेन.

त्या तीन दिवसांत खरे काम स्वयंपाकाचे होते, आणि या प्रकरणातला सगळ्यात कठीण संवादही त्याबद्दलच झाला. तीन आठवड्यांच्या पथ्याने शरीराने स्वतःचे स्नायू जाळायला सुरुवात केली होती. आता आम्ही नेमके उलटे सांगत होतो. "काविळीला अंडं?" पत्नीच्या चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसत होती. त्यांच्या सासूबाई तर खोलीतून उठून बाहेर गेल्या.

लक्ष्य साधे होते: किलोमागे ३५ कॅलरी, म्हणजे रोज सुमारे २,०००, आणि किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने, म्हणजे ७० ते ८७ ग्रॅम. प्रथिनांनी मेंदूवर झापड येते म्हणून ती तोडायची, ही जुनी शिकवण आता मागे पडली आहे. उपाशी ठेवल्याने झापड उलट वाढते. आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) शिरेतून दिले, मग ग्लुकोज, कारण दारू पिणाऱ्या उपाशी माणसाला उलट क्रमाने दिले तर मेंदूला इजा होऊ शकते. पत्नीने वहीत प्रत्येक घास लिहायला सुरुवात केली. पहिल्या दोन दिवसांत रोजची बेरीज जेमतेम ७०० कॅलरी. बेल्जियम आणि फ्रान्समधल्या एका अभ्यासात किलोमागे २१.५ कॅलरींच्या खाली राहिलेल्यांत मृत्यू लक्षणीय जास्त होते. आमच्या रुग्णासाठी ती रेषा सुमारे १,२५० वर येते, आणि आम्ही तिच्या निम्म्यावर होतो.

नाकातून नळी घालायची की वाट पाहायची? अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांमुळे नळीने रक्तस्राव होईल ही भीती नेहमी पुढे केली जाते. बारीक मऊ नळीसाठी ती पुरेशी अडचण नाही. तिसऱ्या दिवशी नळी घातली. दिवसा तोंडाने मूगडाळीची खिचडी तुपासह, उकडलेली अंडी, दही, शेंगदाण्याचा कूट घातलेली भाजी, आणि रात्रभर नळीतून दूध-नाचणी आणि प्रथिनांची पावडर. रात्री दहाला हमखास काहीतरी, कारण अशा यकृतात साखरेचा साठा नसतो आणि रात्रीचा उपास स्नायूंवर जातो. लोणचे, पापड, वरून मीठ बंद. सहाव्या दिवशी वहीतली बेरीज १,७०० वर गेली. माझ्या मते या रुग्णाला कोणत्याही गोळीपेक्षा त्या वहीचा जास्त आधार झाला.

सातवा दिवस

प्रेडनिसोलोनच्या सातव्या दिवशी लिल गुणांक काढायचा असतो. २००७ मध्ये फ्रान्समधल्या लिल शहरातल्या गटाने तो मांडला. वय, अल्ब्युमिन, मूत्रपिंड, पीटी आणि सात दिवसांत बिलिरुबिन किती उतरले, यांवरून औषध लागू पडते आहे का हे कळते. ०.४५ च्या वर म्हणजे लागू पडत नाही. मूळ अभ्यासात अशांपैकी सहा महिन्यांना सुमारे २५ टक्के जिवंत होते, खालच्यांपैकी ८५ टक्के.

बिलिरुबिन २१.० वरून १९.६ झाले होते. गुणांक ०.४७.

भाऊ म्हणाला, "उतराय लागलीया की, मग गोळी का बंद?" प्रश्न अगदी रास्त होता. आमच्याच खोलीत मतभेद होता. एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे, रेषेला चिकटलेला आकडा आहे, २८ दिवस पुरे करू. त्यांच्या म्हणण्यात वजन होते. बिलिरुबिन १९.० आले असते तर गुणांक ०.४३ झाला असता आणि आम्ही औषध चालू ठेवले असते. ०.६ चा फरक दोन प्रयोगशाळांत सहज पडतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नवा नमुना पाठवला: १९.८.

निर्णय आकड्यावर एकट्यावर सोडला नाही. साखर २६० पर्यंत जात होती, पांढऱ्या पेशी उतरल्या नव्हत्या, वॉर्डात शेजारी न्यूमोनियाचे दोन रुग्ण. एका बाजूला मिळण्याची शक्यता असलेला लहानसा फायदा, दुसऱ्या बाजूला रोज वाढणारा संसर्गाचा धोका. प्रेडनिसोलोन थांबवले. आठवड्याभराच्या उपचारानंतर हळूहळू कमी करायची गरज नसते. पोषण, थायमिन आणि देखरेख तशीच ठेवली.

प्रत्यारोपणाची चर्चा

त्याच दिवशी पुण्यातल्या प्रत्यारोपण पथकाशी व्हिडिओवर बोलणे झाले. सहा महिने दारू सोडल्याशिवाय प्रत्यारोपण नाही, हा जुना दंडक अशा रुग्णांना मरायला सोडतो, कारण ते सहा महिने जगत नाहीत. २०११ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधल्या २६ निवडक रुग्णांवर लवकर प्रत्यारोपण केले तेव्हा सहा महिन्यांना ७७ टक्के जिवंत होते, न केलेल्यांत २३ टक्के. पण निवड कडक होती: यकृताच्या आजाराचा पहिलाच झटका, घट्ट कुटुंब, स्वतःच्या व्यसनाची कबुली, मनोविकारतज्ज्ञांचा होकार.

आपल्याकडे बहुतेक यकृते जिवंत नातेवाइकाकडून येतात. पत्नीचा रक्तगट जुळला नाही. भावाचा जुळला, पण सोनोग्राफीत त्याच्या यकृतात चरबी दिसली. खर्च वीस लाखांच्या पुढे. भाऊ एका वाक्यात म्हणाला, "बाग इकू." त्याने ते मनापासून म्हटले होते. पण बाकीच्या तपासण्या सुरू होण्याआधीच पुढचे संकट आले.

गुंतागुंत

स्टिरॉइड थांबवल्यावर पाचव्या दिवशी पुन्हा ताप आणि पोटदुखी. पोटातल्या पाण्यात न्यूट्रोफिल ४१०, म्हणजे पाण्यातच संसर्ग. क्रिएटिनिन २.३. रुग्णालयात लागलेला संसर्ग म्हणून साधे अँटिबायोटिक न देता पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दिले. सोबत अल्ब्युमिन: पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम. बाटल्या महाग असतात आणि इथेच कुटुंबे काटकसर करतात. मूत्रपिंड वाचवण्यासाठी हा खर्च टाळता येत नाही हे समजावल्यावर भावाने तासाभरात त्या आणल्या. क्रिएटिनिन सहा दिवसांत १.२ वर आले.

स्टिरॉइड चालू असते तर? संसर्ग स्टिरॉइडने झाला की आजारानेच, हे एका रुग्णावरून ठरवता येत नाही. पण त्या अवस्थेत प्रतिकारशक्ती दाबणारे औषध अंगात नव्हते, ही गोष्ट माझ्या मते त्यांच्या बाजूने गेली. सातव्या दिवशीचा वाद माझ्या मनात इथे मिटला, सहकाऱ्यांच्या मनात नाही. तेही ठीक आहे.

निष्पत्ती

रुग्ण पाचव्या आठवड्यात घरी गेले. बिलिरुबिन ११, नळी निघालेली, पोटातल्या संसर्गाची पुनरावृत्ती टाळण्यासाठी नॉरफ्लॉक्सासिन. पुढे एन्डोस्कोपीत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या दिसल्या, त्यासाठी कार्व्हेडिलॉल. तीन महिन्यांना बिलिरुबिन ३.१, सहा महिन्यांना १.८. सिरॉसिस, म्हणजे यकृतात कायमचे पडलेले व्रण, आहे आणि राहणार आहे, पण प्रत्यारोपणाची निकड सध्या उरलेली नाही.

दारूची ओढ कमी करण्यासाठी बॅक्लोफेन दिले. सिरॉसिस असलेल्यांत ज्याची तपासणी झालेली आहे असे हे एक औषध. झापड वाढते का हे घरच्यांना बघायला शिकवले. दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ते डायसल्फिराम अशा यकृताला देऊ नये, आणि ते बाहेरून न सांगता जेवणात मिसळण्याची चूक काही घरांत होते, म्हणून तेही स्पष्ट बजावले. आठवड्यातून दोनदा एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस गटाच्या, बैठकीला जातात. मार्चमध्ये बेदाण्याच्या हंगामात, व्यापाऱ्यांच्या बसण्याउठण्यात, तीन दिवस पिणे झाले. चौथ्या दिवशी पत्नीने फोन केला आणि त्याच दिवशी ते स्वतः आले. कोणी ओरडले नाही, म्हणून आले, असे त्यांनी सांगितले.

वेगळे काय करता येईल

लिल गुणांक चौथ्या दिवशीही काढता येतो आणि तो सातव्याच्या जवळ जातो. संसर्गाची भीती असलेल्या रुग्णांत आता आम्ही तो चौथ्याच दिवशी बघतो, म्हणजे सीमेवरचा रुग्ण आधीच ओळखीचा होतो आणि सातव्या दिवशी वाद घालायला वेळ मिळतो.

प्रत्यारोपणाचा विषय गुणांक बिघडल्यावर काढला तर दाता शोधण्याइतकाही अवधी उरत नाही. मॅड्रे ६० असलेल्या रुग्णाच्या घरच्यांशी पहिल्याच आठवड्यात बोलावे, नातेवाइकांचे रक्तगट तेव्हाच तपासावेत. भीती वाटेल, पण ती नंतरही वाटणारच असते. मनोविकारतज्ज्ञांची भेटही त्याच आठवड्यात हवी, डिस्चार्जच्या कागदावर नव्हे.

आणि हंगामाचा विचार. ऑक्टोबरची छाटणी आणि मार्च-एप्रिलची विक्री हे या भागात पिण्याचे काळ आहेत, हे कोणालाही ठाऊक आहे. त्यामुळे पुढच्या तपासणीच्या तारखा आता महिन्यांच्या हिशोबाने न देता छाटणीच्या आधीचा आठवडा आणि बेदाणा शेडवर चढतो तो आठवडा अशा देतो, आणि त्या दोन्ही वेळी पत्नी किंवा भाऊ सोबत यावेत असे ठरवून घेतो. या रुग्णाची पुढची तारीख येत्या छाटणीच्या तोंडावरची आहे, सोबत बिलिरुबिन, आयएनआर, यकृताच्या गाठीसाठी सोनोग्राफी, आणि वही.